विश्लेषण : गावाला वॅट हवेत की शब्द? घरी जुळवलेल्या मिक्सरची बाजू

भजनापासून यात्रेतल्या घोषणेपर्यंत सगळीकडे आवाज मोठा झाला, पण शब्द कळेनासे झाले. यावरचा उपाय दरवेळी मोठा अॅम्प्लिफायर हाच समजला जातो. मोर्शीसारख्या तालुक्यात तो उपाय गावातल्याच कारागिराच्या टेबलावर, पत्र्याच्या छोट्या डब्यात मिळू शकतो. तो कसा आणि त्याच्या मर्यादा कोणत्या?

मोर्शी तालुक्यातल्या अनेक गावांत संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला एक चित्र ओळखीचे आहे. सतरंजी, मधोमध एकच माइक, एका अंगाला पेटी, दुसऱ्या अंगाला तबला आणि माइकच्या तोंडाशीच खंजिरी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये जिथे आश्रम उभा केला ते गुरुकुंज मोझरी शेजारच्याच तिवसा तालुक्यातले. त्यामुळे खंजिरी भजन इथल्या लोकांच्या अंगवळणी पडलेले आहे. पण माइक लागला की गोष्ट बिघडते. खंजिरीची झांज भोंग्यातून कडाडते, गाणाऱ्याचा शब्द तिच्याखाली दबतो. मागून कोणीतरी म्हणते, ‘भाऊ, आवाज वाढवा ना जरा.’ आवाज वाढतो, भोंगा शिट्टी मारतो आणि सगळेच कानावर हात ठेवतात.

पुढच्या वर्षी मंडळ वर्गणी काढून दुप्पट वॅटचा अॅम्प्लिफायर आणते. शिट्टी तीच राहते, फक्त आता ती पलीकडच्या वस्तीलाही ऐकू जाते.

अडचण वॅटची आहे का?

बहुतेक वेळा नाही. आवाजाचे गणित आपल्या नेहमीच्या हिशोबासारखे चालत नाही. शंभर वॅटच्या जागी दोनशे वॅट लावले तर आवाज दुप्पट होत नाही. तो फक्त तीन डेसिबलने वाढतो आणि एवढा फरक कानाला जेमतेम जाणवतो. कानाला दुप्पट वाटावा इतका आवाज हवा असेल तर दहा डेसिबल वाढवावे लागतात, म्हणजे शंभर वॅटचे हजार वॅट.

आता दुसरी बाजू. मंडपात चार माइक सुरू आहेत आणि गाणारा एकच आहे. उरलेले तीन माइक फुकट बसलेले नसतात. भोंग्याचा आवाज ते पुन्हा उचलतात आणि अॅम्प्लिफायरकडे परत पाठवतात. हे चक्र ठरावीक मर्यादेबाहेर गेले की शिट्टी सुरू होते. चालू माइकांची संख्या दुप्पट केली की शिट्टीपूर्वी मिळणारा उपयोगी आवाज सुमारे तीन डेसिबलने घटतो. म्हणजे चारपैकी तीन माइक बंद ठेवले तर सहा डेसिबल परत मिळतात. शंभर वॅटचा अॅम्प्लिफायर चारशेचा केल्यावर जेवढे मिळते, तेवढेच. गाणाऱ्याने माइक एका फुटावरून अर्ध्या फुटावर घेतला तर आणखी जवळपास सहा डेसिबल मिळतात आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

अडचण अशी की एकच माइक किंवा चार माइकांवर एकच बटण असेल तर यातले काही करता येत नाही. प्रत्येक माइकला स्वतःचे बटण हवे. ते काम मिक्सरचे.

शब्द हरवण्याचे आणखी एक कारण आहे. आवाजाचा भरदारपणा स्वरांत असतो, अर्थ मात्र व्यंजनांत. ‘सात’ आणि ‘साठ’ यांत फरक करणारा ‘त’ किंवा ‘ठ’ हा क्षणभराचा, नाजूक आणि वरच्या पट्टीतला आवाज. साधारण दोन ते चार हजार हर्ट्झच्या भागात तो गोंधळला की वेळ सातची की साठ रुपयांची पावती, हे ऐकणाऱ्याने अंदाजाने ठरवायचे. सालबर्डीच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत हरवलेल्या मुलाचे नाव पुकारले जाते तेव्हा हा प्रश्न करमणुकीचा राहत नाही. मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणाचे तेरा दरवाजे आहेत. ते उघडायची वेळ आली की नदीकाठच्या गावांना सावध केले जाते, तेव्हाही गाडीवरच्या भोंग्यातून नेमका शब्द कळणे सगळ्यात महत्त्वाचे असते. लीळाचरित्राशी नाते सांगणारे आणि आता मराठी भाषा विद्यापीठाचे ठिकाण झालेले रिद्धपूर याच तालुक्यात आहे. तिथे भाषेचा अभ्यास होईल, पण चौकातल्या भोंग्यातून निघणाऱ्या मराठीची काळजी कोणी घ्यायची, हेही एकदा ठरायला हवे.

मिक्सर नेमके काय करतो?

संत्र्याच्या बागायतदाराला हे पटकन कळेल. दोन विहिरींवरच्या दोन मोटारी एकाच पाइपलाइनला जोडल्या आणि मध्ये एनआरव्ही बसवला नाही, तर काय होते? जोरदार मोटारीचे पाणी दुसऱ्या विहिरीत उतरते. बागेपर्यंत पोहोचते ते उरलेसुरले.

माइकची आणि मोबाइलची वायर पिळून एकत्र जोडली की हेच घडते. मोबाइलमधून अर्धा ते एक व्होल्टपर्यंतचा सिग्नल निघतो, साध्या डायनॅमिक माइकमधून जेमतेम काही मिलिव्होल्ट. हा फरक शेकडो पटींचा आहे. जोरदार मोबाइल दुबळ्या माइकला गिळून टाकतो. गाणे वाजते, सूत्रसंचालक दिसतो पण ऐकू येत नाही.

मिक्सरमध्ये तीन कामे होतात. पहिले, माइकचा क्षीण सिग्नल शंभरेक पट वाढवून मोबाइलच्या जोडीला आणणे. दुसरे, प्रत्येकाला वेगळे बटण देणे. तिसरे, सगळ्या वाटा एका ठिकाणी अशा मिळवणे की एकीचे पाणी दुसरीत शिरू नये. हे तिसरे काम एक छोटी आयसी करते, जिला ऑप-अॅम्प म्हणतात. प्रत्येक वाट दहा हजार ओहमच्या रेझिस्टरमधून आयसीच्या एकाच पायाशी येते. त्या बिंदूवरचे व्होल्टेज आयसी सतत जागच्या जागी धरून ठेवते. तो बिंदू हलतच नसल्यामुळे एका वाटेच्या सिग्नलला दुसऱ्या वाटेत उलटे शिरायला जोरच मिळत नाही. सिग्नलसाठीचा हा एनआरव्ही म्हणायचा. मोठ्या स्टुडिओतल्या अनेक अॅनालॉग मिक्सरमध्येही तत्त्व हेच असते.

जुन्या अॅम्प्लिफायरच्या दुरुस्तीत ४५५८ या नावाची आयसी कारागिरांच्या हाताखालून हजारदा गेलेली असते. एका आयसीत दोन ऑप-अॅम्प असतात. चार माइकांसाठी दोन आयसी आणि मिसळण्यासाठी एक, अशा तीन आयसी, चार-पाच व्हॉल्यूमची बटणे आणि मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर. किरकोळ दुकानात ४५५८ ची किंमत एका चहा-नाश्त्यापेक्षा जास्त नसते. माइकच्या वाटेसाठी ५५३२ वापरली तर ती जरा महाग पडते, पण मागची सळसळ कमी होते.

खंजिरीचा इलाजही इथेच आहे. तिला गायकाच्या माइकपासून दूर बसवायचे आणि स्वतःचा माइक हातभर लांब ठेवून त्याचे बटण कमी करायचे. शिवाय प्रत्येक माइकच्या वाटेत एक छोटा कपॅसिटर घालायचा. दहा हजार ओहमच्या वाटेत ०.१५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला की शंभर हर्ट्झच्या खालची धडधड गळून पडते. वाऱ्याचा घुर्र आवाज, माइक टेबलावर आपटल्याचा धप्पा, पाय लागल्याचा आवाज, सगळे कमी होते. भोंग्याला तशीही इतकी खालची पट्टी वाजवता येत नाही. ती ताकद त्याच्या युनिटमध्ये नुसती उष्णता आणि हिसके होऊन जिरते. लग्नसराईत युनिट जळण्याचे एक मोठे कारण हेच असते. काही पैशांचा कपॅसिटर काही शे रुपयांचे युनिट वाचवतो, हे कारागिरांना माहीत असते. भाड्याने सामान देणाऱ्या बिछायत केंद्राला कोणी सांगत नाही.

तयार मिक्सर मिळत असताना घरी कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. ऑनलाइन बाजारात ब्लूटूथ, यूएसबी आणि रंगीत दिव्यांसह स्वस्त मिक्सर मिळतात आणि ज्याला ते परवडतात, नीट चालतात, त्याने ते जरूर घ्यावेत. प्रश्न बिघडल्यावर येतो. बारीक सुटे भाग यंत्राने चिकटवलेल्या बोर्डावर एखादा भाग गेला की नकाशा नाही, सुटा भाग नाही आणि अमरावती किंवा नागपूरला नेण्याचा खर्च यंत्राच्या किमतीच्या वर. असे डबे गावोगावी मंडळांच्या कपाटात पडून राहतात. घरी जुळवलेल्या डब्याचा नकाशा झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवता येतो. दहा वर्षांनी दुसऱ्या कोणी तो उघडला तरी त्याला कळते.

दुसरे कारण वीज. संध्याकाळी दाब कमी-जास्त होणे, ऐन कार्यक्रमात पुरवठा जाणे याची ग्रामीण भागाला सवय आहे. घरी जुळवलेला मिक्सर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवता येतो. तीन आयसी आणि एक दिवा मिळून वीसेक मिलिअँपिअर विजेत भागते. यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची छोटी बॅटरी हिशोबाने साडेतीनशे तास पुरते. रोजच्या तासाभराच्या प्रार्थनेला ती चार्ज करायची आठवणही महिनोनमहिने होणार नाही, आणि न केल्यामुळेच ती खराब होईल. म्हणून महिन्यातून एकदा चार्जिंगला लावायची.

बॅटरीचा तिसरा फायदा कानाला कळतो. घरी बनवलेल्या यंत्रांचा जुना रोग म्हणजे घूंऽऽ असा गुणगुणाट. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते, तोच हेलकावा माइकच्या वायरीत शिरतो. बॅटरीवर मिक्सरच्या डब्यात तो उगम पावायला कारणच राहत नाही. बाहेरून येणारा उरतो. त्यासाठी प्लॅस्टिकऐवजी पत्र्याचा डबा घ्यायचा, मिठाईचा किंवा बिस्किटांचा चालतो. सगळ्या निगेटिव्ह वायरी एकमेकींना साखळीसारख्या न जोडता एका बिंदूवर आणायच्या. माइकची वायर लांब असेल तर तीन पिनांच्या एक्सएलआर जोडणीची घ्यायची. त्या वायरीत दोन तारांवर सारखाच शिरलेला गोंगाट पलीकडे वजा करता येतो. पहिल्यांदा बनवणाऱ्यांचे निम्मे प्रयत्न आयसीमुळे फसत नाहीत. निगेटिव्ह कशी फिरवली यावर फसतात.

एक मर्यादा मात्र आधीच सांगायला हवी. स्टुडिओत वापरतात त्या कंडेन्सर माइकला मिक्सरकडूनच ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. तो या साध्या डब्यात नसतो. असा माइक जोडून ‘मिक्सर खराब निघाला’ म्हणायला अर्थ नाही.

आणि ‘घरी बनवलेले’ म्हणजे जुगाड, असे नाक मुरडणाऱ्यांसाठी महाराष्ट्राचाच इतिहास पुरेसा आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी कॅमेरा स्वतः तयार करून मूकपट काढले. त्यांच्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेले विष्णुपंत दामले पुढे प्रभातमध्ये बोलपटांच्या ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळू लागले. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ त्यांच्या त्या कामातून ऐकू आला. चार वर्षांनी त्यांनी फत्तेलाल यांच्यासोबत ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. यंत्र उघडून बघणाऱ्या माणसांनी इथली एक आख्खी कला उभी केली. तालुक्याच्या गावातला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कारागीर त्याच वंशातला आहे. आता टीव्ही दुरुस्तीला येत नाहीत, म्हणून त्याचे दुकान मोबाइल कव्हर विकते, एवढाच फरक.

हात कुठे आखडता घ्यायचा?

२३० व्होल्टपाशी. हौशी माणसाने बॅटरीवरचा मिक्सर जरूर जुळवावा. पॉवर अॅम्प्लिफायर आणि त्याचा विजेचा पुरवठा जाणत्याच्या हाती द्यावा. बंद केलेल्या अॅम्प्लिफायरच्या मोठ्या कपॅसिटरमध्येही बराच वेळ विजेचा साठा राहतो.

खरा धोका मात्र जुळवणाऱ्यापेक्षा गाणाऱ्याला असतो. माइकला हात लागला की झिणझिण्या येतात, ही तक्रार भजन मंडळांत हसण्यावारी नेली जाते. त्याचा अर्थ असा की अॅम्प्लिफायरच्या पत्र्यात वीज उतरते आहे आणि ती जमिनीत जायला माणसाखेरीज रस्ता नाही. दोन पिनांचा प्लग, तोडलेली अर्थिंगची वायर, पावसाने ओली सतरंजी आणि हातात धातूचा माइक, एवढे एकत्र आले की पुढचे सांगायला नको. तीन पिनांचा प्लग, खरोखर जमिनीत गेलेले अर्थिंग आणि मंडपाच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी, या तीन गोष्टींशिवाय कोणत्याही मंडळाने माइक हातात देऊ नये. सजावटीच्या एका कमानीच्या खर्चात हे सगळे बसते.

पाच हजार वॅटचे गौडबंगाल

पेटीवर ‘५००० वॅट पीएमपीओ’ असे लिहिलेले असते. त्या आकड्याला कोणताही मान्य मापदंड नाही. मागचा अॅडॉप्टर वाचावा. १२ व्होल्ट, ५ अँपिअर लिहिले असेल तर आत येणारी वीजच ६० वॅट आहे, मग सलग बाहेर पडणारा आवाज त्याहून जास्त कुठून येणार? १२ व्होल्टवर चार ओहमच्या स्पीकरला ब्रिज पद्धतीने जोडूनही न फाटता मिळतात फार तर १८ वॅट. आणि खरे सांगायचे तर प्रार्थनेला तेवढे पुरतात.

आवाजाची मर्यादा पेटीतच बसवता येईल?

इथे विषय एका मंडळापुरता राहत नाही. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० मध्ये आले. त्यानुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर तो वाजवता येत नाही. वर्षातल्या ठरावीक सणांना राज्य सरकार पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सूट देऊ शकते. सार्वजनिक ठिकाणच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा दहा डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे वस्तीतल्या मंडपाच्या हद्दीवर दिवसा ६५. डीजेच्या गाडीसमोर उभ्या राहिलेल्या कोणालाही हा आकडा वाचून हसू येईल. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबल आठ तास सोसता येतात, असे अमेरिकेतील नायॉश ही संस्था मानते. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे शंभर डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. मिरवणूक पंधरा मिनिटांत कधी संपते?

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. अजय गडकरी आणि न्या. श्याम चांडक यांच्या खंडपीठाने कुर्ल्यातील रहिवासी संस्थांच्या याचिकेवर निकाल देताना एक वेगळी सूचना केली. लाऊडस्पीकर आणि अॅम्प्लिफायरमध्येच आवाजाची मर्यादा आपोआप राखणारी व्यवस्था बसवण्याबाबत राज्य सरकारने विचार करावा, असे न्यायालयाने सुचवले. चर्चा झाली ती निकालातल्या धार्मिक स्थळांच्या भागाची. ही तांत्रिक सूचना मागे पडली. खरे तर जास्त दूर जाणारी तीच आहे.

पण हुकूम काढायचा कोणाला? कंपनीने बनवलेल्या यंत्राला कंपनी असते, पत्ता असतो. तालुक्यात फिरणाऱ्या कितीतरी पेट्या आणि अॅम्प्लिफायर स्थानिक कारागिरांनी जुळवलेले असतात. त्यांच्यावर ना कंपनीचे नाव, ना क्रमांक. कारखान्यापुरता नियम केला तर मिरवणुकीतला निम्मा आवाज नियमाबाहेर राहील. कारागिराला गुन्हेगार ठरवून त्याच्या दुकानावर छापा घातला तर तो काम लपून करील. आवाज बसवणारा हातच मर्यादा बसवू शकतो, हे मान्य करूनच पुढे जाता येईल.

आणि ती बसवणे अवघड नाही. रस्त्यावरचा दिवा अंधार पडताच आपोआप लागतो, त्यात एलडीआर नावाचा छोटा भाग असतो. अंधारात त्याचा विरोध दहा लाख ओहमच्या आसपास, उजेडात काही शे ओहम. हा एलडीआर आणि एक एलईडी समोरासमोर ठेवून काळ्या नळीत बंद करायचे. आवाज ठरलेल्या पातळीवर गेला की एलईडी पेटतो, एलडीआरचा विरोध कोसळतो आणि सिग्नलचा काही भाग निगेटिव्हकडे वळून वाया जातो. आवाज खाली येतो, दिवा मंदावतो, पुन्हा वाट मोकळी होते. माणसाने बटण फिरवावे तसे, पण न दमता. १९६० च्या दशकातले अमेरिकेतील टेलेट्रॉनिक्स कंपनीचे एलए-टूए हे गाजलेले स्टुडिओ यंत्र याच कल्पनेवर, प्रकाश आणि प्रकाशसंवेदी भागाच्या जोडीवर चालते. मोर्शीतल्या दुकानात त्याची साधी आवृत्ती दिवसभरात तयार होईल.

यातही खोट आहे. एलडीआर जरा आळशी असतो. खंजिरीचा पहिला फटका निसटून जातो, मग तो जागा होतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे हा डबा फक्त सिग्नल मोजतो, हद्दीवरचे डेसिबल मोजत नाही. पुढे कोणता अॅम्प्लिफायर, किती पेट्या, किती अंतर, यावर ते ठरते. म्हणून त्याची पातळी प्रत्यक्ष जागेवर मीटर लावून ठरवावी लागेल आणि नंतर कोणी फिरवू नये म्हणून ती बंदिस्त करावी लागेल. फ्रान्समध्ये संगीताच्या ठिकाणांना पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०२ डेसिबलची मर्यादा आहे आणि तिथे मर्यादक यंत्र ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. आपल्याकडेही बंदिस्त करण्याची पद्धत नवी नाही. किराणा दुकानाच्या काट्याला वैधमापन विभागाचा शिक्का लागतोच. किलोला किलो मिळावा म्हणून काट्याला शिक्का चालतो, तर भाड्याने फिरणाऱ्या साउंडच्या मर्यादक डब्याला का चालू नये?

साउंडवाल्यांची बाजूही ऐकायला हवी. सीझनचे महिने मोजके, कर्ज काढून घेतलेल्या पेट्या आणि समोर नाचणारी पोरे ‘वाढव’ म्हणतात तेव्हा नाही म्हणणारा पुढची सुपारी गमावतो. शिक्का मारलेला डबा त्यालाही उपयोगाचा आहे. ‘माझ्या हातात नाही भाऊ, पेटी बंद आहे,’ असे त्याला सांगता येते. पोलिसांनी पेट्या जप्त करण्यापेक्षा हे त्याला कधीही परवडेल. मात्र हे सगळ्यांना एकाच वेळी लागू झाले पाहिजे, नाहीतर डबा लावणारा मार खाईल आणि न लावणाऱ्याला सुपाऱ्या मिळतील.

सुरुवात कुठून?

सरकारी निर्णयाची वाट पाहायची गरज नाही. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवला जातो. त्यातल्या मुलांनी परीक्षेपुरता सर्किट बोर्ड जोडून तो मोडण्यापेक्षा एखाद्या गावच्या प्रार्थना मंडळासाठी चार वाटांचा मिक्सर जोडला, तर तो वर्षानुवर्षे वापरात राहील आणि बिघडला तर दुरुस्तीला त्यांच्याच टेबलावर परत येईल. यात शिकण्यासारखे जास्त आहे. ग्रामपंचायतींनी साउंडच्या सामानावर खर्च करताना वॅट विचारण्याआधी किती माइकांना स्वतंत्र बटण आहे, अर्थिंग आहे का आणि नकाशा मिळेल का, हे तीन प्रश्न विचारावेत. जुन्या कारागिरांना मात्र एक गोष्ट नव्याने शिकावी लागेल, ती म्हणजे मीटर वापरणे. बहुतेकांचा भरवसा कानावर असतो आणि तीस वर्षे भोंग्यासमोर काढलेल्या कानाला वरची पट्टी कमी ऐकू येण्याची शक्यता मोठी असते. म्हणून तो कारागीर वरची पट्टी आणखी वाढवतो.

वाचकांना एक प्रयोग आजच करता येईल. मोबाइलवरच्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपचे आकडे पुरावा म्हणून चालत नाहीत, पण एकाच मोबाइलने केलेली तुलना बऱ्यापैकी उपयोगी पडते. गावातल्या पुढच्या कार्यक्रमात मंडपाच्या हद्दीवर उभे राहून सगळे माइक चालू असताना एकदा आकडा पाहावा. मग न वापरलेले माइक बंद करायला लावून, गाणाऱ्याला माइक जवळ घ्यायला सांगून आणि मुख्य बटण थोडे खाली आणून पुन्हा पाहावा. दुसऱ्या वेळी मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या माणसाला जाऊन विचारावे, शब्द कळले का.